पेशंट राहतो कुठे?

१९४७ चा मे महिना. चौपाटीजवळच्या एका दवाखान्याच्या दारात तुम्ही उभे आहात. अंगावर पांढरा एप्रन, खिशात रिफ्लेक्स हॅमर आणि सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर. एमबीबीएस होऊन झालंय आणि आता तुम्हाला ‘फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’मध्ये, डॉक्टरांच्या बोलीत पीएमआरमध्ये, एमडी करायचंय. तुम्ही उतरलात त्या काळात मुंबईच्या कुठल्याच कॉलेजात हा विषय नाही. शिकायचं तर इथेच, या गर्दीत.

आत बाकांवर आया बसल्या आहेत. कुणाच्या मांडीवर, कुणाच्या कडेवर पोलिओ झालेली मुलं. दवाखाना सुरू करणाऱ्या फातमा इस्माईल स्वतः डॉक्टर नाहीत. मुलीला पोलिओ झाला तेव्हा उपचार शोधत त्यांनी थेट मद्रास गाठलं. तिथे डॉ. किणी नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी मुलीकडून महिनोन्‌महिने व्यायाम करून घेतले. आपल्या मुलीला जे मिळालं ते दुसऱ्यांच्या मुलांना का मिळू नये, या एका प्रश्नावर हा दवाखाना उभा राहिलाय. नुकतंच महायुद्ध संपलंय. पाय गेलेल्या सैनिकांसाठी पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र निघालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लुडविग गुटमान यांनी स्टोक मँडव्हिलला मणक्याच्या जखमींचा वॉर्ड सुरू केला. पुनर्वसन म्हणजे लष्कराचं काम, अशीच जगाची समजूत आहे. लष्करात कधीही न गेलेल्या चार वर्षांच्या पोरीसाठीही तेच हवं, असं ठणकावून सांगणारी मुंबईतली पहिली माणसं या दवाखान्यात भेटतात.

तुमच्यासमोर एका मुलीला टेबलावर ठेवतात. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजायची, हे तुम्हाला पाठ आहे. तुम्ही तिला कुशीवर वळवता, पाय घसरावा म्हणून टेबलावर पावडर भुरभुरता आणि म्हणता, ‘‘गुडघा वाकव बाळ.’’ पाय पावडरीवरून हळूच सरकतो. वजन पेलायचं नसलं की हलतो, उचलायचा म्हटलं की नाही. म्हणजे दोन. तुम्ही कागदावर दोन लिहिता. आई विचारते, ‘‘डॉक्टर, ही शाळेत जाईल ना?’’ सवयीने तुमचा हात प्रिस्क्रिप्शनच्या कागदाकडे जातो आणि तिथेच थांबतो. लिहायला औषधच नाही. या मुलीला कॅलिपर करून देणारा कारागीर हवा, रोज अर्धा तास व्यायाम घेणारं माणूस हवं आणि शाळेची पायरी किती उंच आहे ते कुणीतरी जाऊन बघायला हवं. त्या सगळ्यांना एका दिशेने चालवणारा डॉक्टर तुम्ही व्हायचंय. तो कुठल्या जागेत तयार होतो, तेच बघायला तुम्ही निघाला आहात.

परळ, १९५०. केईएमच्या आवारात तुम्ही शिरता तर एका खोलीतून हातमागाचा ठोका ऐकू येतो. हॉस्पिटलात हातमाग कशाला? साडीतली एक पन्नाशीची अमेरिकन बाई तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवते आहे. जन्माने एलिझाबेथ लंडी. निंबकरांशी लग्न करून भारतात आल्यावर कमला निंबकर झाली. चाळिशी उलटल्यावर ती पुन्हा अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आली आणि केईएममध्ये तिने या विषयाची शाळा काढली, आशियातली पहिली. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना स्थापन होईल. तिच्या संस्थापक दहा देशांत भारत असेल, तो याच खोलीच्या बळावर.  

तुम्ही कोपऱ्यात उभे राहून बघता. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडलेला माणूस मागासमोर बसलाय. धोटा डावीकडून येतो आणि उजव्या हाताने तो अडवायचा. पहिल्यांदा निसटतो. दुसऱ्यांदा बोटं मिटतात, पण धोटा पुढे गेल्यावर. मेडिकल कॉलेजात तुम्ही या हाताला नाव द्यायला शिकलात, त्याचे रिफ्लेक्स मोजायला शिकलात. हा हात दिवसभरात काय काय करायचा, ते कुणी विचारायला शिकवलं नाही. इथे आधी तेच विचारतात. माणूस गिरणीत होता की गिरगावात हिशेब लिहायचा, यावर उपचार ठरतात. मला वाटतं, या शाखेचं निम्मं शिक्षण तेवढ्यात आहे. पुस्तकात ते पानभरच सापडेल. त्यासाठी हातमागाची खोलीच लागते.

पुढची वर्षं भराभर जातात. पोलिओच्या साथी येतात. १९५३ मध्ये केईएममध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघते. १९५५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था प्रायोगिक प्रकल्प म्हणून सुरू होते. लोक तिला जागेवरून नुसतं ‘हाजी अली’ म्हणतील. आता एक तारीख लक्षात ठेवा. ही संस्था निघाली तेव्हा बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीतच नव्हते. १९५० मध्ये हद्द अंधेरीच्या जरा पुढे सरकली होती; दहिसर आणि मुलुंडपर्यंत ती पोचली १९५७ मध्ये. डॉक्टर घडवायची जागा शहराच्या त्या वेळच्या नकाशात अगदी योग्य ठिकाणी पडली. शहर मात्र उत्तरेकडे निघून गेलं.

दूर वेल्लोरला या सुमारास एक तरुण डॉक्टर १९५४ च्या मोटार अपघातानंतर कमरेखाली लुळी पडली आहे. डॉ. मेरी व्हर्गीस. ती न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्याकडे पीएमआर शिकेल, परत येऊन व्हीलचेअरवरून विभाग चालवेल आणि १९७२ मध्ये पद्मश्री होईल. तिच्या विद्यार्थ्यांना व्हीलचेअरला रॅम्प किती तिरका हवा हे वेगळं शिकवावं लागलं नसणार.

आता १९७० नंतरचा एखादा पावसाळा. तुम्ही भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावर आहात. दुतर्फा कारखाने, पाळी सुटल्याचे भोंगे. कामगार विमा योजना मुंबईत १९५४ मध्ये आली आणि कामगाराच्या खिशात विम्याचं कार्ड आलं, पण प्रेसमध्ये बोटं जाणं थांबलेलं नाही. आणि रेल्वे आहेच. पूल लांब पडतो म्हणून माणूस रूळ ओलांडतो. तुमचा पेशंट असाच, तिशीचा, साताऱ्याकडचा. डावा पाय गुडघ्याखाली कापलाय. जखम भरली, टाके निघाले, सर्जनच्या लेखी तो बरा झाला. त्याला घेऊन तुम्ही मध्य रेल्वेने दादर, तिथे जिना चढून-उतरून पश्चिम रेल्वे, मग महालक्ष्मी, मग खाड्ये मार्गाने हाजी अली अशी वाट धरता. महालक्ष्मीला फास्ट गाडी थांबत नाही. कुबड्या बगलेत रुतून त्याचा शर्ट घामाने चिकटलाय.

वर्कशॉपमध्ये मात्र तुम्ही थबकता. प्लास्टरचा ओला वास, कातडं, लाकडाचा भुसा, भिंतीला टांगलेले पाय. कारागीर स्टंपवर, म्हणजे कापून उरलेल्या पायावर, पातळ मोजा चढवतो, तो ओला करतो आणि न पुसणाऱ्या पेन्सिलने हाडांच्या खुणा करतो. ही नळीची धार, हे बाहेरचं बारीक हाड, ही वाटीखालची जाड शीर. मग प्लास्टरची पट्टी गुंडाळतो आणि ती ओली असतानाच दोन्ही अंगठे वाटीच्या खाली रोवून धरतो. ‘‘इथे वजन घ्यायचंय, डॉक्टर. आणि इथे अजिबात नाही,’’ तो बारीक हाडावर बोट ठेवून सांगतो. साचा निघतो, त्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिमा तयार होते. जिथे भार घ्यायचा तिथे ती कानशीने खरवडायची, जिथे टोचायला नको तिथे लिंपून वाढवायची. दोन-तीन मिलिमीटरचा खेळ. तो चुकला तर पाय सुंदर दिसेल आणि पेशंट तो घालणार नाही. एमडीच्या तीन वर्षांत तुम्ही असे किती साचे हाताने काढले, यावर तुमचं प्रिस्क्रिप्शन कारागिराला कळेल की नाही ते ठरतं.

पाऊल कुठलं बसवायचं हा पुढचा प्रश्न. परदेशी नमुन्याच्या पावलाला बूट लागतो आणि ते उकिडवं बसू देत नाही. तुमचा पेशंट पाटावर जेवतो, चाळीतल्या सार्वजनिक संडासात उकिडवा बसतो, पावसात अनवाणी निघतो. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिराने १९६८ मध्ये रबराचं पाऊल केलं, ते या माणसासाठी. रामचंद्रजींचं शाळेचं शिक्षण बेताचं होतं, पण पाय जमिनीशी काय काय करतो ते त्यांनी डॉक्टरांपेक्षा आधी पाहिलं होतं.

मग पॅरलल बार. दोन समांतर दांड्यांमध्ये तो उभा राहतो, समोर माणसाच्या उंचीचा आरसा. पहिलं पाऊल, दुसरं. फिजिओथेरपिस्ट मागून कमरेचा पट्टा धरते. ‘‘खाली नका बघू दादा, आरशात बघा.’’ शेवटच्या दिवशी तो काठीने चालत निघतो. दारात तुम्हाला विचारतो, ‘‘साहेब, गाडीत चढायचं कसं ते नाही शिकवलं?’’

खरंच नाही शिकवलं. लोकलमध्ये चढायला फलाटापासून वर पाय टाकावा लागतो, मध्ये फट असते, दांडा पकडायचा असतो आणि हे सगळं मागच्या माणसाच्या कोपरासकट वीस-तीस सेकंदांत. उत्तम वर्कशॉप, उत्तम आरसा, उत्तम बार, फुटबोर्ड नाही. अपंगांसाठी वेगळा डबा पुढे येईल आणि त्याने खूप फरक पडेल, पण डब्याला दार असतं आणि दाराला उंची. उपनगरातल्या माणसासाठी ‘चालता येतं’ याचा अर्थ ‘गाडी पकडता येते’ असा आहे. ती जमली तर नोकरी, नाही तर घर. शिक्षणाच्या जागेत हे नसेल, तर तुमच्या डोक्यातही ते येत नाही. तुम्हाला ते त्याने दारात विचारल्यावर कळलं.

२००० च्या आसपास तुम्ही घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर चढताय. हातात एका जुन्या पेशंटची फाइल. बांधकामावरून पडला, मणका मोडला, कमरेखाली संवेदना नाही. गुटमान यांच्या आधी असे पेशंट बहुतेक काही महिन्यांत मरत. बेडसोर आणि लघवीचा संसर्ग त्यांना नेत असे. दर दोन तासांनी कूस बदलायची, या साध्या शिस्तीने त्यांची आयुष्यं वाढली. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. लॅपिडिस यांनी दाखवलं की निर्जंतुक नसली तरी स्वच्छ नळी दिवसातून चार-पाच वेळा घालून मूत्राशय रिकामं केलं तर मूत्रपिंडं वाचतात. हे सगळं तुम्ही या पेशंटला वॉर्डात शिकवलंत. पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, आरशात पाठ बघायची, नळी साबणाने धुवायची. सगळं त्याला बिनचूक यायला लागलं, तुम्ही शाबासकी दिलीत आणि त्याला घरी पाठवलंत.

आता त्याचं घर दिसतं. अडीच फुटांचा बोळ, मधून गटार, आणि वर जायला खडकात कोरलेल्या पायऱ्या, एक वीतभर तर दुसरी हातभर. व्हीलचेअर खाली दुकानदाराकडे ठेवलेली, तिच्यावर पोती. माणूस वर, जमिनीवरच्या गादीवर, आठ बाय दहाच्या खोलीत, बायको, आई आणि दोन मुलांसोबत. नळ सकाळी तासभर. लघवीची नळी घालायला आडोसा नाही म्हणून तो दिवसातून दोनदाच घालतो. बेडसोर पुन्हा झालाय, मुठीएवढा. त्याची आई म्हणते, ‘‘दवाखान्यात सगळं जमायचं हो याला.’’

तुमच्या फाइलमध्ये एक फॉर्म आहे. जगभर वापरतात तो. अठरा गोष्टी, प्रत्येकीला एक ते सात गुण, सगळं स्वतःचं स्वतः करणाऱ्याला एकशे सव्वीस. त्यात टबमध्ये आणि शॉवरखाली जाणं आहे. बारा ते चौदा पायऱ्यांचा एक जिना आहे. जमिनीवर बसणं नाही, जमिनीवरून उठणं नाही, मोरी नाही, उकिडवं बसणं नाही. अमेरिकेत तो ऐंशीच्या दशकात झाला, तिथल्या घरांसाठी झाला, त्यात त्याचा काही दोष नाही. असल्फ्याच्या पायऱ्यांसाठी आपण आपला फॉर्म केला नाही, याचा दोष मात्र आपल्या शिक्षणाचा आहे. त्या बोळात उभं राहून तुम्हाला कळतं की वॉर्डात तुम्ही या माणसाला एका न बांधलेल्या घरासाठी तयार करत होता.

त्यानंतरची मुंबई तुम्हाला माहीत आहे. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ, लोकलमधले बॉम्बस्फोट. बोरिवली, जोगेश्वरी, खार, माहीम. मृतांचे आकडे सगळ्यांनी छापले. ज्यांचे कान, पाय, मणके गेले त्यांच्यासाठी हॉस्पिटलातून सुटल्यावरचा दिवस कुणी मोजला? त्यांना उपनगरातच परत जायचं होतं. २०११ च्या जानेवारीत देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजाराने ही शाखा या शहरात उभी केली, तो गेला. ओपीडी मात्र रिकामी झाली नाही. आता बाकांवर अर्धांगवायू झालेली माणसं आहेत, मोटारसायकलवरून पडलेली मुलं आहेत, मधुमेहाने पाय कापलेले काका आहेत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले.

तुम्ही बोरिवलीच्या एका घरात डोकावता. वडिलांना अर्धांगवायू होऊन तीन आठवडे झालेत. या आजारात पहिले तीन महिने सोन्याचे. मेंदू पुन्हा शिकायला सर्वात तयार असतो तेव्हाच. मुलगा रजा घेऊन त्यांना आठवड्यातून तीनदा शहरात नेतो. जाऊन येऊन पाच तास, अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी. महिनाभरात रजा संपते. मग आठवड्यातून एकदा. मग ‘आता घरीच करतो आम्ही’. अंधेरीत २००९ पासून कोकिलाबेन अंबानी हॉस्पिटलमध्ये सुसज्ज पुनर्वसन विभाग आहे. ज्याला परवडतं त्याला तो जवळ पडतो. बाकीच्यांसाठी जवळ आहे ते पालिकेचं किंवा विम्याचं हॉस्पिटल. तिथे पुनर्वसनाचा डॉक्टर हवा असेल, तर तो तिथेच शिकलेला असायला हवा.

आणि नेमक्या याच वेळी, ऑगस्ट २०२३ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएस कॉलेजांचे नवे किमान निकष काढले आणि सक्तीच्या विभागांच्या यादीतून पीएमआर वगळला. श्वसनविकार आणि आपत्कालीन वैद्यक यांच्यासोबत. परिपत्रक वाचताना तुम्हाला काय वाटतं ते मला माहीत नाही. मला राग आला. जो विभाग कॉलेजात नाही, त्यात विद्यार्थी पोस्टिंगला जाणार नाही. जो तिथे कधी गेला नाही, तो पुढे सर्जन होऊन पाय कापेल तेव्हा स्टंप किती लांब ठेवायचा, टोक कसं गोल करायचं, याचा विचार सॉकेटच्या, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीच्या, बाजूने करणार नाही. एक खोली यादीतून गेली की तिचा परिणाम ऑपरेशन टेबलावर उमटतो.

म्हणून आता पुढे चला, अजून न उजाडलेल्या एका वर्षात. हे घडलेलं नाही. मी मागतो आहे. पश्चिम उपनगरात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा पालिकेच्या कॉलेजात पीएमआरचा विभाग आहे, तळमजल्यावर. पॅरलल बार आहेत, वर्कशॉप आहे, मूत्राशयाचा दाब मोजायचं यंत्र आहे. आणि एका मोठ्या दालनात मुंबईच बांधलेली आहे. चाळीचा खरा जिना, कठडा एकाच बाजूला. मोरी, मोरीला चार इंचांचा उंबरा. भारतीय पद्धतीचा संडास, दार सव्वादोन फुटांचं. ओट्याचं स्वयंपाकघर आणि शेजारी जमिनीवरची चूल. वेड्यावाकड्या दगडी पायऱ्या, वर नळ सोडून ओल्या करता येणाऱ्या. टोकाला लोकलचा भंगारात काढलेला अर्धा डबा, फलाटासकट; फट कमी-जास्त करता येते.

प्रत्येक रेसिडेंटने पहिल्या महिन्यात एक आठवडा व्हीलचेअरवर काढायचा, असा तिथला नियम आहे. तुम्ही तो काढलाय, मोरीच्या उंबऱ्यावर दोनदा अडकलात. दुसऱ्या महिन्यात दर गुरुवारी घरभेट. पेशंटच्या पायऱ्या टेपने मोजून आणायच्या, दाराची रुंदी, नळाची वेळ, स्टेशनचं अंतर. ते आकडे फाइलच्या पहिल्या पानावर, निदानाच्याही आधी.

आज राउंडला सर तुमच्या पेशंटसमोर थांबतात. मालाडची पंचेचाळिशीची बाई, पोळ्या लाटून देणारी, अर्धांगवायूला पाच आठवडे. तुम्ही केस सांगायला लागता, ‘‘सर, लेफ्ट हेमिप्लेजिया, स्पास्टिसिटी ग्रेड टू...’’

‘‘ते येईलच. राहतात कुठे?’’

‘‘पहिल्या मजल्यावर, सर. सोळा पायऱ्या, कठडा चढताना उजवीकडे. संडास बाहेर, बारा पावलांवर. पोलपाट जमिनीवर असतो, पण ओट्याला जागा होईल, मुलाशी बोललोय.’’

‘‘आणि उतरताना?’’

तुम्ही गप्प. चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे येतो, आणि डावा हात धरत नाही. बाईच उत्तर देतात, ‘‘उलटी उतरते मी, सर. काल डब्याशेजारच्या जिन्यावर ताईंनी शिकवलं. सहा उतरले.’’

सर फाइल तुमच्या हातात देतात. तुम्ही उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिता : सोळा पायऱ्या, तोंड जिन्याकडे, उजव्या हाताने कठडा, मदतीशिवाय, मुदत दोन आठवडे. त्याखाली : उभ्याने लाटण्यासाठी ओट्याची उंची ठरवणे, शुक्रवारी घरी जाऊन मोजणे.